पासबुकात जमा, मग वहीत नावे का? (बी.कॉम.च्या मुलांसाठी बँकेच्या गप्पा)

टोकन_४७

मंडळी, बँकेत ३४ वर्षं काढली. कॅश, क्लिअरिंग, कर्ज, सगळ्या टेबलांवर बसून झालं. निवृत्तीनंतर कोणी बँकेचं काही विचारलं की मी जरा जास्तच बोलतो, असं घरचे म्हणतात. म्हणून म्हटलं, इथे बोलावं.

निमित्त असं झालं. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी एस.वाय.ला आहे. परवा वह्या घेऊन वर आली. म्हणाली, "काका, पप्पा दुकानाचे पैसे बँकेत भरतात तेव्हा पासबुकात ती रक्कम जमा बाजूला येते. सर म्हणतात, वहीत बँक खातं नावे करा. चुकतंय कोण, बँक की सर?"

मी तिला म्हटलं, बँक आणि सर दोघांनाही बाजूला ठेव. तुझ्या पप्पांच्या गल्ल्याशेजारची उधारीची वही आण. गिऱ्हाइकाने साखर नेली, पैसे दिले नाहीत, तर पप्पा काय करतात? गिऱ्हाइकाच्या नावे लिहितात. त्याने महिनाअखेरीला पैसे आणून दिले की जमा करतात. घेतलं त्याच्या नावे, दिलं त्याचं जमा. आता पप्पांनी बँकेत १०,००० रुपये भरले. पप्पांच्या वहीत बँक म्हणजे पैसे घेऊन गेलेलं गिऱ्हाईक, म्हणून ते बँकेच्या नावे. बँकेच्या वहीत पप्पा म्हणजे पैसे देऊन गेलेला माणूस, म्हणून पप्पांच्या खात्यात जमा. व्यवहार एकच, वह्या दोन. आणि पासबुक ही आपली वही नव्हेच. बँकेच्या खतावणीतल्या, म्हणजे खात्यांच्या वहीतल्या, आपल्या पानाची ती नक्कल आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांचा घोळ जास्त होतो, कारण आपल्याकडे 'जमा' या शब्दाला दोन कामं आहेत. पैसे भरणं हीसुद्धा जमा आणि क्रेडिट हीसुद्धा जमा.

पण खरा मुद्दा पुढे आहे. आपण म्हणतो, "पैसे बँकेत ठेवलेत." ठेवलेले नसतात, बँकेला उसने दिलेले असतात. १८४८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात हे स्पष्ट करून टाकलं. बँकेच्या हातात गेलेला पैसा खातेदाराचा राहत नाही, तो बँकेचा होतो. तो धंद्यात कसा वापरला याचा हिशोब ती खातेदाराला देणं लागत नाही. मागितल्यावर तेवढीच रक्कम परत करणं एवढंच तिचं बंधन. म्हणजे खातेदार धनको आणि बँक ऋणको. बँकिंगच्या पेपरातलं निम्मं पुस्तक या एका वाक्यातून उलगडतं.

फक्त हा ऋणको जरा मानी आहे. एरवी उसने घेणाऱ्याने धनकोच्या घरी जाऊन पैसे फेडायचे असतात. बँक आपल्या दारी येत नाही. आपण मागणी करायची, तीही कामाच्या वेळेत, ठरलेल्या पद्धतीने. १९२१ च्या जोआकिमसन खटल्यात हे ठरलं.

लॉकरचा प्रकार वेगळा. तिथे उसनवारी नाही, जागा भाड्याने घेणं आहे. तुमचा चेक दुसऱ्या बँकेतून वसूल करून आणताना बँक तुमची एजंट असते. दागिन्यांचं सीलबंद पाकीट सांभाळायला घेतलं, तर बँक ऋणको नव्हे, राखणदार. एकाच काउंटरवर ही तीन-चार नाती चालतात आणि परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

विचारा काही असेल तर.

गौरी_एसवाय

खालच्या मजल्यावरची ती मीच. काकांनी धागा काढायची धमकी दिली होती, ती खरी केली.

काका, उधारीच्या वहीवरून डोक्यात बसलं. पण नवीन प्रश्न. आमच्यासारख्या सगळ्यांकडून बँकेने पैसे उसने घेतले आणि पुढे कर्जाऊ दिले, तर आम्ही काढायला गेलो की देते कुठून?

हिशोबी_माणूस

सगळे एकाच दिवशी येत नाहीत, या भरवशावर. शिवाय बँक काही टक्के रिझर्व्ह बँकेत ठेवते, त्याला सीआरआर आणि एसएलआर म्हणतात. त्यावर व्याज मिळतं, ते बँक आपल्याला देते.

टोकन_४७

@हिशोबी_माणूस, पहिलं वाक्य बरोबर, पुढच्या दोन्हींत गडबड आहे. राग नसावा.

सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण, रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचं. २०२५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. त्यावर बँकेला एक पैसाही व्याज मिळत नाही. एसएलआर, म्हणजे वैधानिक रोखता प्रमाण, सध्या १८ टक्के आहे. ते रिझर्व्ह बँकेकडे द्यायचं नसतं. रोख, सोनं किंवा मुख्यतः सरकारी रोखे या रूपात बँकेने स्वतःकडेच बाळगायचं. त्या रोख्यांवर व्याज मिळतं.

ढोबळ हिशोब करा. १०० रुपयांची ठेव आली. ३ रुपये बिनव्याजी रिझर्व्ह बँकेत, १८ सरकारी रोख्यांत, उरलेले ७९ कर्जाला मोकळे. ठेवीवरचं व्याज, पगार, भाडं, बुडीत कर्जाची तरतूद, सगळं या ७९ आणि १८ च्या कमाईतून. "बँका ठेवीला इतकं कमी आणि कर्जाला इतकं जास्त व्याज का लावतात" याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं थकलेल्या हप्त्यांत. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक. त्यावरचं व्याज हातात पडेपर्यंत उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही.

सप्लायडिमांड

ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

पुस्तकात पतनिर्मितीचं गणित असं असतं : १,००० रुपयांची ठेव, राखीव १० टक्के, ९०० कर्जाऊ, ते ९०० दुसऱ्या बँकेत ठेव, त्यातले ८१० कर्जाऊ, असं करत शेवटी १०,००० रुपयांच्या ठेवी. गणित बरोबर आहे, परीक्षेत हेच लिहा. पण त्यावरून मुलांची समजूत अशी होते की बँक आधी ठेवीची वाट बघते आणि मग तीच नोट उचलून कर्जदाराला देते.

प्रत्यक्षात शाखेत काय होतं ते टोकन काका सांगतीलच. गौरीच्या पप्पांना ५ लाखांचं कर्ज मंजूर झालं, तर त्यांच्या कर्ज खात्याला ५ लाख नावे आणि चालू खात्याला ५ लाख जमा. बस्स. तिजोरी उघडलीसुद्धा नाही आणि ५ लाखांची नवी ठेव जन्माला आली. कर्जातून ठेव तयार होते. ठेवीतून कर्ज ही अर्धीच गोष्ट झाली.

मग बँका मनाला येईल तेवढी कर्जं का देत नाहीत? पप्पांनी त्या खात्यातून घाऊक व्यापाऱ्याला पैसे पाठवले आणि त्याचं खातं दुसऱ्या बँकेत असलं, तर बँकेला तो पैसा खरोखर द्यावा लागतो. शिवाय जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे दिलेली कर्जं वगैरे जोखमीनुसार कमी-जास्त धरून केलेल्या बेरजेच्या) किमान ९ टक्के भांडवल स्वतःचं हवं, हा नियम आहे. आणि परतफेड करील असा कर्जदार मिळायला हवा, जे सगळ्यात अवघड.

टोकन_४७

मॅडम, दंडवत. आम्ही रोज व्हाउचरं पास करत होतो, पण आपण पैसा 'तयार' करतोय असं कधी वाटलं नाही. वाटलं असतं तर पगारवाढ मागितली असती.

गौरी_एसवाय

काका, बँक जुळवणी पत्रकाचं, म्हणजे आपली वही आणि पासबुक यांची शिल्लक जुळवायचं, एक गणित इथे सोडवून दाखवा ना. अधिक कुठे, वजा कुठे, हे मी पाठ करते आणि विसरते.

टोकन_४७

पाठ करूच नकोस. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचार : ही गोष्ट कोणाला माहीत आहे आणि कोणाला अजून माहीत नाही?

३१ मार्चला रोखकीर्दीच्या, म्हणजे आपल्या कॅशबुकच्या, बँक रकान्यात नावे शिल्लक ४८,५०० रुपये. आपल्याला पासबुकाच्या शिलकीपर्यंत पोचायचंय.

दिलेले पण अजून न वटलेले चेक १२,००० रुपयांचे. आपण चेक फाडला त्याच दिवशी वहीतून वजा केले. घाऊकवाल्याने चेक खिशातच ठेवलाय, बँकेला पत्ता नाही. म्हणजे बँकेकडे आपले १२,००० जास्त दिसणार. अधिक. होतात ६०,५००.

आपण वसुलीला भरलेला ९,००० चा चेक अजून जमा नाही. आपण धरले, बँकेने नाहीत. वजा. ५१,५००.

बँकेने शुल्क कापलं, २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २३६. हे बँकेला माहीत, आपल्याला पासबुक भरून आल्यावर कळतं. वजा. ५१,२६४.

कंपनीकडून लाभांश १,५०० परस्पर खात्यात आला. बँकेला माहीत, आपल्याला नाही. अधिक. ५२,७६४. हीच पासबुकाची जमा शिल्लक.

अधिकर्ष, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, असला की सुरुवातीची शिल्लक ऋण धर आणि हेच प्रश्न विचार. वेगळा नियम नाही.

हल्ली मुलं म्हणतात, यूपीआयच्या काळात हे कशाला? शिवाय ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचं क्लिअरिंगही दिवसभर सलग चालतं, पूर्वीसारखं गठ्ठ्याने नाही. त्यामुळे भरलेला चेक जमा व्हायचा वेळ कमी झालाय. पण समोरच्याने ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलेल्या चेकला कोणतं तंत्रज्ञान बाहेर काढणार? आणि बँकेने गुपचूप कापलेलं शुल्क, चुकून दोनदा गेलेला हप्ता, हे पकडायला जुळवणीशिवाय दुसरा मार्ग नाही.

वाहकमित्र

चेकवर येऊ या का? 'अकाउंट पेयी' आणि नुसत्या दोन रेघा यात फरक काय? आणि 'नॉट निगोशिएबल' लिहिलं की चेक दुसऱ्याला देताच येत नाही ना?

टोकन_४७

आला माझ्या आवडीचा विषय.

कायदा १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारल्या की तो रेखांकित. काउंटरवर रोख देता येत नाही, बँकेमार्फतच वसूल व्हायला हवा. रेघांमध्ये एखाद्या बँकेचं नाव घातलं, तर त्याच बँकेमार्फत. त्याला विशेष रेखांकन म्हणतात आणि तिथे रेघा नसल्या तरी चालतं, नाव पुरेसं.

'नॉट निगोशिएबल'चा अर्थ जवळजवळ सगळे चुकीचा सांगतात. चेक हस्तांतरित करता येतो. पण देणाऱ्याची मालकी जेवढी खरी, तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोराकडून भाबडेपणाने घेतलेला साधा चेक घेणाऱ्याचा होऊ शकतो. असा शेरा असलेला चेक मात्र नाही. कलम १३०.

आणि गंमत म्हणजे 'अकाउंट पेयी' हे शब्द त्या कायद्यात कुठेच नाहीत! तो बँकांचा रिवाज. पुढे रिझर्व्ह बँकेने त्याला धार आणली, ज्याचं नाव त्याच्याच खात्यात रक्कम गेली पाहिजे म्हणून. एकच छोटी फट ठेवली. पतसंस्थेच्या सभासदाच्या नावचा ५०,००० पर्यंतचा चेक पतसंस्थेच्या खात्यात वसूल करता येतो.

आता माझी फजिती. नोकरीचं पहिलं वर्ष, १९८५. कॅश काउंटरवर बाजाराच्या दिवशी ही गर्दी. एका माणसाने १,८०० रुपयांचा चेक दिला. सही जुळली, शिल्लक होती, टोकन दिलं, पैसे मोजून दिले. संध्याकाळी व्हाउचरं लावताना हेडकॅशियरने चेक दिव्याखाली धरला. कोपऱ्यात सुकत आलेल्या शाईच्या दोन फिकट रेघा. रेखांकित चेकचे मी रोख पैसे दिले होते. कलम १२९ प्रमाणे अशा वेळी खऱ्या मालकाचं नुकसान झालं तर ते बँकेच्या अंगावर येतं. माझं नशीब, माणूस खराच निघाला. पण त्याला शोधायला मी सायकलवर दोन गावं पालथी घातली. तेव्हापासून चेक हातात आला की माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यात जाते. रकमेकडे नंतर.

अजून एक. खात्यात पैसे असताना बँकेने चुकून चेक परत केला, तर भरपाई कोणाला? विद्यार्थी लिहितात, ज्याच्या नावे चेक आहे त्याला. नाही. कलम ३१ नुसार बँक जबाबदार आहे ती चेक लिहिणाऱ्याला. कारण बँक देणं लागते ते खातेदाराचं. चेक घेऊन आलेल्याशी तिचा करारच नाही. वर जे धनको-ऋणको म्हटलं, ते पुन्हा इथे आलं बघा.

गौरी_एसवाय

आणि चेक बाउन्स झाला की पोलीस पकडतात ना? कलम १३८?

वकीलबुवा_नाशिक

थेट पोलीस नाहीत. तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करायची असते आणि त्याआधी पायऱ्या आहेत. चेक तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत सादर व्हायला हवा (२०१२ पूर्वी ६ महिने होते). परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तरी पैसे नाही दिले, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी लोक 'देतो म्हणालाय हो' करत ३० दिवस घालवतात आणि मग येतात. आणि हो, चेक देण्यामागे कायदेशीर देणं असायला हवं. वाढदिवसाच्या भेटीचा चेक परत आला तर १३८ लागत नाही.

कृष्णाकाठ

धागा वाचतोय, छान चाललाय. एक घरचं सांगतो, विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

माझ्या आजीने १,८०,००० रुपये गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त, मॅनेजर ओळखीचा, घरी येऊन पावती देऊन जायचा. संस्था अडचणीत आली. आम्ही म्हटलं, घाबरू नकोस, ५ लाखांपर्यंत विमा असतो. विचारायला गेलो तेव्हा कळलं, तो विमा पतसंस्थेला नाहीच. चार वर्षांत हप्त्याहप्त्याने ४५,००० हाती आले. मी स्वतः बी.कॉम. आहे, हे सांगायला लाज वाटते.

टोकन_४७

लाज कसली, हे कोणत्या पुस्तकात ठळक छापलेलंच नसतं. आजींना नमस्कार सांगा.

मुलांनो, बँक कशाला म्हणतात ही व्याख्या तुम्ही दोन गुणांसाठी पाठ करता. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट १९४९, कलम ५(ब). कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी लोकांकडून ठेवी स्वीकारणं, ज्या मागताक्षणी किंवा ठरल्याप्रमाणे परत करायच्या आणि ज्या चेक, ड्राफ्ट, आदेश वगैरेंनी काढता येतात. यातला 'लोकांकडून' हा शब्द अधोरेखित करा. पतसंस्था लोकांकडून नव्हे, सभासदांकडून ठेवी घेते. म्हणून ठेव ठेवायला गेलात की आधी सभासदाचा फॉर्म पुढे येतो. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. महाराष्ट्रात ती १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, निबंधकाच्या देखरेखीत चालते. नागरी सहकारी बँकेचं तसं नाही. ती सहकारी असली तरी परवाना रिझर्व्ह बँकेचा आणि ठेवींना विमा. पाटीवर दोन्हीकडे 'सहकारी' असतं, तिथेच फसगत होते.

विमा देणारी संस्था डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेचीच उपकंपनी. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ मध्ये ठेव विमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा १,५०० रुपये. १९९३ पासून १ लाख. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, सुरुवातीला प्रत्येकी फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मुंबईत शाखांबाहेर लोक रडत होते, टीव्हीवर पाहिलं असेल. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायची तरतूद आहे.

पण ५ लाख मोजतात कसे? एका बँकेत, एका माणसाचे, एकाच नात्याने असलेले सगळे पैसे एकत्र, मुद्दल आणि व्याज धरून. कोथरूड शाखेत एफडी ४ लाख आणि त्याच बँकेच्या सातारा शाखेत बचत २ लाख, तर एकूण ६, विमा ५. शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदलावी लागते. बायकोबरोबरचं जोडखातं मात्र वेगळं मोजतात.

सहकारमित्र

पतसंस्थांना सरसकट झोडपू नका ही विनंती. भाजीवाली, रिक्षावाला, पानटपरी, यांच्याकडे रोज पिग्मीवाला जातो तो बहुतेक पतसंस्थेचा. (पिग्मी ठेव मुळात सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये आणली, पण आज आमच्या भागात तो शब्द पतसंस्थेचाच झालाय.) २०,००० रुपयांच्या कर्जासाठी बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, आम्ही दोन जामीनदार बघतो. चांगल्या चाललेल्या संस्थाही खूप आहेत.

कृष्णाकाठ

मान्य. माझी तक्रार एवढीच की ठेवीच्या पावतीवर 'या ठेवीस विमा नाही' असं मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे?

सहकारमित्र

काही हरकत नाही. पुढच्या सभेत मांडतो. टाळ्या किती पडतील ते सांगत नाही.

गौरी_एसवाय

काका, उद्या ट्युटोरियल आहे. गहाण, तारण, नजरगहाण यांतला फरक पटकन?

टोकन_४७

ताबा कोणाकडे ते बघ. सोनेतारणात दागिना बँकेच्या तिजोरीत, मालकी तुझी, ताबा बँकेचा. ही तारणगहाण. पप्पांना दुकानातल्या मालावर रोख पत, म्हणजे कॅश क्रेडिट, मिळाली, तर तांदळाची पोती दुकानातच राहतात, पप्पा विकतातही, नवा माल आणतातही. बँकेची नुसती नजर. म्हणून नजरगहाण. (इतका नेमका शब्द इंग्रजीतसुद्धा नाही.) म्हणूनच बँकेचा माणूस अधूनमधून माल मोजायला येतो आणि दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागतात. घर, जमीन या स्थावराला गहाणखत. शेतजमीन असली की सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात बोजा चढतो आणि कर्ज फिटलं तरी तो उतरवायला लोक विसरतात. विकायच्या वेळी धावपळ. एलआयसीची पॉलिसी असली तर ती बँकेच्या नावे अभिहस्तांकित करून, म्हणजे तिचे हक्क बँकेकडे सोपवून, द्यायची.

अनु_ठाणे

वाणिज्य शाखेची नाही, पण वाचतेय. गाडीच्या कर्जाला एजंट म्हणतो "१२ टक्के फ्लॅट", बँक म्हणते "१२ टक्के". एकच ना?

हिशोबी_माणूस

मघाशी चुकलो, आता भरपाई करतो. १ लाख, १ वर्ष. फ्लॅट म्हणजे पूर्ण लाखावर वर्षभराचं व्याज १२,०००, हप्ता ९,३३३. घटत्या शिलकीवर १२ टक्के म्हणजे हप्ता साधारण ८,८८५, एकूण व्याज ६,६१९ च्या आसपास. फ्लॅटमध्ये तुम्ही दहा महिन्यांपूर्वी परत केलेल्या पैशांवरही व्याज भरत असता. खरा दर काढलात तर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो.

अनु_ठाणे

बाप रे. एजंटला चहा पाजला होता मी.

टोकन_४७

@हिशोबी_माणूस, शाब्बास.

व्याजावरून आठवलं, अवांतर. २०१० पूर्वी बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज नव्हतं. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक, त्यावर. त्यामुळे १० तारखेच्या आत भरणा करायला ही रांग. आणि एखाद्याने २९ तारखेला पैसे काढले की आम्ही मुकाट पास करायचो. दोन दिवसांसाठी महिन्याचं व्याज गेलं हे त्याला सांगायची पद्धत नव्हती. मी काहींना सांगायचो. साहेबांना आवडायचं नाही. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर हिशोब सुरू झाला.

पेन्शनर_विले_पार्ले

नॉमिनी लावलं की ती रक्कम त्याचीच ना? माझ्या दोन मुलांत यावरून आत्तापासूनच कुजबुज आहे.

वकीलबुवा_नाशिक

काका, नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, एवढाच त्याचा उपयोग. तो विश्वस्तासारखा. रक्कम शेवटी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे वारसांची. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. दोघांनाही अर्धं अर्धं लावा, आणि मृत्युपत्र करा. कुजबुज थांबेल असं नाही, पण कमी होईल.

टोकन_४७

आणि घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवा, कोणत्या बँकेत काय आहे ते. १० वर्षं कोणी दावा केला नाही की ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हक्क बुडत नाही, बँकेत अर्ज करून परत मिळते. शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. पण कुठल्या नावाने शोधायचं हे तर माहीत हवं!

गौरी_एसवाय

काका, ट्युटोरियल झालं. नजरगहाणाचं उदाहरण तांदळाच्या पोत्यांचं लिहिलं, मॅडमनी वर्गात वाचून दाखवलं.

पण एक अडलंय. तुमच्या पद्धतीने पप्पांच्या दुकानाची खरीखुरी जुळवणी करायला बसले, नोव्हेंबर महिन्याची. सगळे न वटलेले चेक घेतले, शुल्क घेतलं, तरी २७ रुपये जुळत नाहीत. पप्पा म्हणतात २७ रुपयांसाठी कोण डोकं फोडणार, सोडून दे.

टोकन_४७

सोडायचं नाही. आमच्या शाखेत १ रुपयासाठी रात्री नऊपर्यंत बसलोय. फरकाला ९ ने भाग जातोय का बघ. २७ ला जातो. म्हणजे बहुधा कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. २७ भागिले ९ म्हणजे ३. ज्या दोन आकड्यांत ३ चा फरक आहे, अशी जोडी शोध. एकम-दशकात.

गौरी_एसवाय

सापडलं!!! बिस्किटवाल्याला दिलेला चेक १,४५२ चा. वहीत १,४२५.

अक्षर पप्पांचं आहे. मी काही बोलले नाही, फक्त वही त्यांच्यासमोर ठेवली. आता ते ऑक्टोबरची पण काढ म्हणतायत.